पाचवं पेर

नायगावची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार हे ठरलं, तेव्हा आईला एकच गोष्ट विचारायची होती. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून तिला खालचा मजला हवा होता: "माका खालचो माळो गावतलो काय?" रहिवाशांच्या सभेत हे आपण स्वतःच विचारणार, असं तिने मला सांगितलं.

मी म्हणालो, "मालवणीत विचारशील तर कोण लक्ष देणार आहे? निदान पुनर्वसनाला रिहॅबिलिटेशन तरी म्हण."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

मग मीच तिला तो शब्द शिकवला. ती जप करताना बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवते, तसेच मी शब्दाचे सहा तुकडे तिच्या पेरांवर बसवले. री, ह, बि, लि, टे, शन.

"आणि जोर खंय देवचो, झिला?"

"पाचव्या पेरावर. टे आला की अंगठा दाबायचा."

आठवडाभर भाकरी थापतानाही ती पुटपुटत होती. शेवटी तिला तो बिनचूक येऊ लागला.

सभेच्या दिवशी मैदानात मांडव होता. पुढे साहेबलोक बसले होते, आणि माझ्या ऑफिसातला एकजणही तिसऱ्या रांगेत होता. आई माइकसमोर उभी राहिली, अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. "री… ह… बि…" अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बि.

मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, चौथा गियर पडत नाय काय?" सगळा मांडव हसला. आईही हसली. ती तिसऱ्यांदा सुरू करणार होती; अंगठा पेरावर गेलेला मला दिसला होता.

मी उठलो. "बस गं आई," म्हणत माइक घेतला, शब्द एका दमात, जोर बरोबर जागी देऊन म्हटला. साहेबांनी मान वर केली. आणि त्या मान वर करण्यानेच मी फुशारलो की काय कोण जाणे, मी पार्किंगबद्दल विचारलं. माझ्याकडे गाडी नाही. साहेबांनी सविस्तर उत्तर दिलं. आईचा प्रश्न राहिला तो राहिलाच. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "बरा बोललंस."

सोडतीत आम्हाला एकविसावा मजला लागला. वेळेत विचारलं असतं तर खालचा मिळाला असता का, ठाऊक नाही. पण विचारलं गेलं नाही, आणि ते माझ्यामुळे. दोनपैकी एक लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते. दुसरीसाठी उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. नाक्यावर मासळी घ्यायला ती स्वतः जायची, कोळणीशी भांडायची. आता मासळी मी आणतो, आणि ती फक्त साफ करते.

गेल्या रविवारी लिफ्टसाठी सोसायटीची सभा होती. मी आईला म्हणालो, "चल ना. तूच बोल, मालवणीत बोल. मी मध्ये पडणार नाही."

"नको रे," ती म्हणाली. "तूच बोल. तुझे उच्चार बरे आसत."

मी एकटाच खाली गेलो.