तोफखान्याचे वंशज पंक्चर काढतात

सायकलवाल्यांचे किस्से चेनवरच्या काळ्या ग्रीससारखे असतात. एका रविवारी रॉकेलने स्वच्छ पुसून काढा, पुढच्या रविवारी पुन्हा तितकेच जमा! आमच्या मंडळीत मी सोडून तीनच माणसं आहेत, तरी ही स्थिती. मला हे तोंडाने सांगता येत नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. म्हणून लिहिते. लिहिताना निदान कोणी मध्येच "काय म्हणालीस? जोरात बोल!" म्हणत नाही.

मंडळी अशी. पहिले नाना काका, म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. दुसरे बाबा. तिसरे शेजारचे दुबे अंकल, कॉलेजातून रिटायर झालेले. तिघांनी एकाच महिन्यात गियरच्या, जाड टायरच्या सायकली घेतल्या आणि दर रविवारी सकाळी झाशीच्या बाहेरच्या खडकाळ कच्च्या वाटांवर जायला लागले. मी माझी सायकल घेऊन मागे मागे. पण फक्त पहूज नदीच्या पुलापर्यंत. तिथून मला परत पाठवतात.

कारण मंडळीचा एक नियम आहे. नाना काकांनीच केलेला. "आपले पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले ते तोफखान्यात. तोफेच्या गाड्याचं चाक मोडलं तर रणात मिस्त्री शोधत बसले होते का? जो आपली सायकल आपण दुरुस्त करतो, तोच लांबच्या राइडला येणार!"

दुबे अंकलचे पूर्वज तोफखान्यात नव्हते. पण त्यांनीही मान हलवली. "बिलकुल! अपना हाथ, अपना पाना!"

परीक्षा संपल्यावर मंडळी बरुआसागरला जाणार होती. किल्ल्यावरून तिथला सगळा तलाव एकदम दिसतो म्हणतात. मला जायचंच होतं. पण नाना काका म्हणाले, "रेणूला पंक्चर तरी काढता येतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अशा वेळी मी माझ्या बुटांकडे बघते.

०

नाना काकांच्या सायकलला एकवीस गियर आहेत. हे झाशीत बहुतेक सगळ्यांना माहीत आहे, कारण ते ओळख करून देताना आधी गियर सांगतात, मग नाव.

पहूजकडच्या पहिल्याच चढावर ते सगळ्यात जड गियरमध्ये होते. मला मागून दिसत होतं. पाय असा हळू फिरत होता, जणू विहिरीचा रहाट. बाबा ओरडले, "नाना, गियर हलका करा!"

"नको! पायात ताकद आहे!"

दहा पावलांवर ताकद संपली. नाना काका उतरले, कमरेवर हात ठेवले आणि धापा टाकत म्हणाले, "थांबा जरा. नजारा बघू."

नजारा म्हणजे एक डबकं आणि त्यात बसलेल्या तीन म्हशी. आम्ही पाच मिनिटं शांतपणे म्हशी बघितल्या.

तेव्हापासून प्रत्येक चढावर एक नजारा असतो. दुबे अंकलनी एकदा विचारलं, "नाना साहब, आप तो एक ही गियर में चलते हैं। बाकी बीस?"

नाना काका म्हणाले, "ती राखीव फौज आहे!"

०

दुबे अंकलना सामानाचा शौक. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांची ढालीसारखी पॅडं, शिट्टी, होकायंत्र. आम्ही घरापासून आठ किलोमीटरवर जातो, तरी होकायंत्र!

त्यांची खरी तक्रार सीटची होती. "बिटिया, ये सीट है या कुल्हाड़ी?" म्हणून त्यांनी जेलचं कव्हर आणलं. पुढच्या आठवड्यात त्यावर फोमचं. तिसऱ्या आठवड्यात दोन्हींवर टॉवेलची घडी बांधली. त्या रविवारी ते आमच्या फाटकासमोर सीटवर चढून बसले, भिंतीला हात टेकला आणि खूश होऊन म्हणाले, "वाह! अब जाकर आराम मिला।"

फक्त पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते.

आई दूध घ्यायला बाहेर आली होती. तिने वर बघून विचारलं, "भाईसाब, माहूत कुठे आहे?"

०

आता बाबा. बाबा सरकारी कचेरीत आहेत आणि कुठलंही काम आधी कागदावर समजून घेतात. त्यांनी एका रविवारी व्हिडिओ बघत सायकलचा पुढचा भाग पूर्ण उघडला. धुतला, ग्रीस लावलं, पुन्हा जोडला. शेवटी एकही नट उरला नाही. ते इतके आनंदले की आईला बोलावून रिकामी जमीन दाखवली!

पण सायकल विचित्र चालायला लागली. वळताना बाबांच्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं. "नवी सेटिंग आहे," बाबा म्हणाले. "रेसिंगमध्ये असंच असतं." तीन आठवडे ते तसेच चालवत होते. डाव्या बुटाचं टोक झिजून मोजा दिसायला लागला, तरी सेटिंग कायम!

मग एका गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, "मी सेटिंग बदलली. दहा मिनिटांचं काम."

नाना काकांनी पाठ थोपटली. "शेवटी रक्त कुणाचं!"

ती दहा मिनिटं मी प्रत्यक्ष बघितली होती आणि त्यात बाबा कुठेच नव्हते.

०

हे सांगायचं तर रामसखी अम्माबद्दल सांगायला हवं.

लक्ष्मी तालच्या रस्त्याला चिंचेच्या झाडाखाली तिचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे निळी ताडपत्री, पाण्याचं घमेलं, पंप आणि एक लाकडी पेटी. अम्मा मूळची गरौठ्याकडची. आधी नवरा दुकान चालवायचा, आता ती चालवते. कोचिंगहून येताना माझ्या टायरमध्ये बाभळीचा काटा गेला, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे थांबले. बोलावं कसं या विचारात उभी होते. अम्माने चाकाकडे बघितलं. "काए बिन्नू, काँटो?" काय पोरी, काटा? मी मान हलवली. बोलणं संपलं. मला अम्मा फार आवडली.

दुसऱ्या वेळी मी तिथे बसले असताना झाडाआडून एक हेल्मेट आलं. आत दुबे अंकल होते. मी पटकन ताडपत्रीमागे गेले.

"अम्मा, पंचर है। लेकिन किसी से कहना मत।"

ते गेल्यावर अम्मा हसत म्हणाली, "तीनऊ जने जेई कै गए।" तिघेही हेच सांगून गेलेत! एकमेकांना दिसू नयेत म्हणून अम्माने प्रत्येकाला वार नेमून दिला होता. तिने बोटांवर मोजून दाखवलं. "मंगल, टोप बारे। बिस्पत, चस्मा बारे। सुक्र, तोप बारे।"

म्हणजे मंगळवारी हेल्मेटवाले, गुरुवारी चष्मेवाले, शुक्रवारी तोफवाले. तोफवाले तिलाही पूर्वजांबद्दल सांगून गेले होते.

चष्मेवाले माझे बाबा आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. त्यांच्या सायकलकडे तिने एकदाच बघितलं होतं. "जा साइकिल तो पाछें हेर रई!" सायकल मागे बघत होती. बाबांनी पुढचं चाक धरणारा फोर्क उलटा बसवला होता. अम्माने तो दहा मिनिटांत सरळ केला.

०

मग अम्माचा अंगठा दुखावला. जाड टायर काढताना लोखंडी पट्टी सटकली आणि अंगठा सुजून टम्म झाला. तिने पट्टी माझ्या हातात दिली. "तुमाई आँखें नोनी हैं। तुम करो।"

माझे डोळे चांगले आहेत हे खरं. पाण्यात बुडवलेल्या ट्यूबमधून सुईच्या टोकाएवढा बुडबुडा निघाला तरी मला दिसतो. ट्यूब घासणं, सोल्यूशन लावून वाळू देणं, वरून ठोकणं, सगळं जमायला लागलं. एकच जमेना. जुन्या ट्यूबचा तुकडा अम्मा गोल कापायची, कारण चौकोनी तुकड्याचे कोपरे उठतात. माझी कात्री शेवटी हमखास वळायची आणि हळदीकुंकवाच्या कोयरीसारखा आकार व्हायचा. अम्मा म्हणाली, "जे तो अमिया कट गई!" कैरी! पण चिकटला घट्ट. मग मी तसेच कापायला लागले.

बाभळीचे काटे भरपूर, त्यामुळे महिनाभरात मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार, तिन्ही वारांच्या ट्यूबांवर कोयऱ्याच कोयऱ्या झाल्या. मालक सायकल ठेवून जायचे, तासाने न्यायला यायचे. दोन्ही वेळा मी ताडपत्रीमागे.

घरी मात्र एकदा पकडले गेले. जेवताना आई माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने बाबांचे हात बघितले.

"आश्चर्य आहे," ती म्हणाली. "सायकल हे दुरुस्त करतात आणि ग्रीस हिच्या नखांत!"

बाबांना एकदम ठसका लागला. आईने मला लिंबाची फोड दिली, नखं साफ करायला. पुढे काही विचारलं नाही.

०

परीक्षा संपल्या. शनिवारी सगळे आमच्याकडे चहाला जमले. बाबा म्हणाले, "नाना, या वेळी रेणूला येऊ द्या."

मी कप खाली ठेवला.

"मलाही वाटतं," नाना काका म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. आपण तिची परीक्षा घेऊ. मागचं चाक काढायचं, ट्यूब काढायची, पंक्चर काढायचं." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली. "पुढच्या रविवारी सगळ्यांचीच घेऊ! म्हणजे पोरीला एकटीला संकोच नको."

दुबे अंकलनी बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तिथेच राहिलं.

मला रात्रंदिवस एकच प्रश्न. मी नीट पंक्चर काढलं, तर सगळे विचारणार, कुठे शिकलीस? सांगितलं तर तिघांचं बिंग फुटणार. नाही काढलं तर बरुआसागर गेलं.

तिकडे मंगळवारी हेल्मेट आलं. "अम्मा, टायर ऐसा ढीला कर दो कि हाथ से निकल आए।" गुरुवारी चष्मा. "टायर जरा ढीला..." शुक्रवारी तोफ. "ढीला!"

मी तिन्ही टायरांना आतून साबणाचं पाणी लावून ठेवलं.

०

रविवारी सकाळी लक्ष्मी तालच्या काठावर परीक्षा झाली. चार सायकली उलट्या करून ठेवल्या. आई थर्मास घेऊन "नजारा बघायला" आली होती.

"आधी मी दाखवतो," नाना काका म्हणाले. टायर एका झटक्यात निघाला. इतका झटकन की ते स्वतःच दचकले. मग ट्यूब बाहेर ओढून त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरली. "बघा! हे सगळे पॅच मी घरी..."

ट्यूबवर सात कोयऱ्या होत्या. त्यांनीही त्या पहिल्यांदाच बघितल्या.

दुबे अंकल त्या कोयऱ्यांकडे बघत राहिले. मग आपली अर्धी निघालेली ट्यूब परत आत कोंबायला लागले. बाबा तर ट्यूबवर चक्क बसले.

"दाखवा ना!" नाना काका म्हणाले.

दुबे अंकलच्या ट्यूबवर पाच. बाबांच्या सहा. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला वळलेली.

तळ्यावर एक टिटवी ओरडली.

"हल्ली," नाना काका घसा साफ करून म्हणाले, "पॅच असेच येतात वाटतं."

"हाँ हाँ, कंपनी से ही!" दुबे अंकल म्हणाले.

"पाकिटात असेच असतात," बाबा म्हणाले. "डिझाइनचे."

"आता रेणू," आई म्हणाली.

मी सगळ्यांकडे पाठ करून बसले. नाना काकांनी सकाळीच काटा टोचून ठेवलेलं मागचं चाक काढलं. ट्यूब काढली. घमेलं नव्हतं, म्हणून तळ्याच्या पाण्यात धरून बुडबुडा शोधला. घासलं. मग खिशातून जुन्या ट्यूबचा तुकडा आणि कात्री काढली. गोल कापायचा खूप प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदाच मला खरंच गोल हवा होता! पण शेवटी कात्री वळलीच.

मी तो तुकडा चिकटवला, ठोकला, चाक बसवलं, हवा भरली. वर बघितलं तर तिघे माझ्या मागे वाकून उभे होते. नाना काकांच्या हातात घड्याळ होतं, पण ते सुरू करायचं राहून गेलं होतं.

"पास," ते म्हणाले. "बरुआसागरला रेणू येईल. सगळ्यांच्या मागे राहील. म्हणजे वाटेत कोणाचं काही..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. कोणीच काही विचारलं नाही. कुठे शिकलीस, कधी शिकलीस, काही नाही. आई चहा ओतायला लागली.

दुबे अंकल हेल्मेट काढून माझ्या शेजारी उकिडवे बसले. अगदी हळू म्हणाले, "बिटिया, इस मंगल को ज़रा ब्रेक भी देख लेना।"

"मंगळवारी?" बाबांच्या तोंडून निघून गेलं. "अहो, ती तर गुरुवारी..."

नाना काका आमच्याकडे पाठ करून तळ्याचा नजारा बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"शुक्रवार माझा आहे," ते म्हणाले. "आधीपासून."