पाणी वर्ज्य असलेला दगड

दगड कापणं ज्याला सोपं वाटतं, त्याने घासकाकांच्या शेजारी अर्धा तास उभं राहून बघावं. तीस वर्षं ते प्रयोगशाळेत दगडच घासत होते, म्हणून हे नाव. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि उजेड आरपार जाईपर्यंत घासत राहायची. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण हात असा हलका की दूरदूरची संग्रहालयं आकाशातून पडलेले दगड त्यांच्याच नावाने पाठवत. या नावापलीकडे काकांनी आयुष्यात काही कमावलं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

पुतणीला हे वेड त्यांनीच लावलं. शाळकरी पोर असताना तिला सूक्ष्मदर्शकापाशी स्टुलावर उभं करून त्यांनी उल्केतले गोल दाणे दाखवले होते. "हे वितळलेले थेंब बरं का चिमणे, पृथ्वी जन्मायच्या आधी थिजलेले." आता चिमणी त्याच प्रयोगशाळेची प्रमुख होती. कामावर काका तिला मॅडम म्हणत आणि म्हणताना त्यांची छाती वीतभर फुगे.

या खेपेला आलेला दगड मुलखावेगळा होता. तो घडला तिथे ऑक्सिजनचा दुष्काळ, म्हणून कॅल्शियमने गंधकाशी सोयरीक केली आणि दगडात तपकिरी कण तयार झाले. असलं खनिज पृथ्वीवर टिकत नाही, पाणी लागलं की संपलंच. म्हणून तो तेलातच कापायचा, तेलातच घासायचा. काकांनी करवतीवरच्या नळाला फडकं गुंडाळलं आणि पुतणीला बजावलं, "पाण्याचा थेंबही नको."

"काका, हे मी दहावीत असतानाच तुम्ही मला शिकवलंय," ती हसून म्हणाली.

मग काका दोन दिवस तापाने पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडताच त्यांच्या नाकात सडक्या अंड्याचा वास शिरला आणि ते तडक करवतीकडे गेले. त्या खनिजाला पाणी लागलं की असाच वास सुटतो. नळाचं फडकं सोडलेलं होतं, करवतीखालच्या तबकात ओली राड होती, आणि चकतीत तपकिरी कणांच्या जागी नुसती भोकं.

चिमणी मान खाली घालून उभी होती. हा दगड जिथे मांडायचा ती परिषद तोंडावर आलेली, आणि तेलात तीन दिवसांचं काम पाण्यात तासाभरात होतं. "घाई झाली, काका. मी बघते सगळं, तुम्ही काळजी करू नका."

आपलीच पोर, म्हणून राडीचं तबक काकांनी स्वतःच्या हाताने धुऊन ठेवलं.

तिने बघितलं ते असं: आठवड्याभराने संग्रहालयाला गेलेल्या पत्राची प्रत कारकुनाने काकांच्या टेबलावर ठेवली. 'तंत्रज्ञाच्या हातून अनवधानाने पाणी वापरले गेले. यापुढे आपले नमुने त्यांच्याकडे दिले जाणार नाहीत.' खाली पुतणीची सही. त्या अक्षरांना पहिलं वळण काकांनीच लावलं होतं.

पत्र त्यांनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्या कोणी कापला असता, तर काकांनी आकाशपाताळ एक केलं असतं. इथे ओरडायचं कोणावर? तबक तर त्यांनीच धुतलं होतं.

त्याच दुपारी चिमणी आली आणि तिने दार लोटून घेतलं. हातात उरलेला तुकडा, लिंबाएवढा.

"काका, हा शेवटचा. तुमच्याशिवाय कोणाला जमायचा नाही. तुम्ही कापलात हे कोणाला कळू देणार नाही मी."

"म्हणजे बिघडवला तो मी आणि सावरला तो तू?"

तिने तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. क्षणभर काकांच्या मनात आलं, हा तुकडा समोरच्या पाण्याच्या बादलीत सोडून द्यावा. पण त्या दगडाने त्यांचं काय घोडं मारलं होतं? साडेचारशे कोटी वर्षं तो बिचारा कोरडा राहिला होता. त्यांनी तेलाचा डबा पुढे ओढला.

चौथ्या दिवशी त्यांनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि पुतणीला बोलावलं. तिने डोळा लावला.

"काका! एकूणएक कण जागेवर आहे!"

"आहे ना? मग आता माझ्याकडे बघ आणि सांग, पहिली चकती पाण्यात कोणी कापली?"

चिमणीने डोळा वर केला नाही. चित्र केव्हाच स्पष्ट झालं होतं, तरी ती सूक्ष्मदर्शकाची चक्री फिरवतच राहिली.