खालाची शिंगाची फणी

बांगड्यांचं नंतर. आधी ती तुमची वेणी हातात घ्यायची. तळहातावर तोलायची, शेंडा चिमटीत धरून उजेडाकडे करायची आणि म्हणायची, "काऊन वं, वरूनच फणी घातली न तू? शेंड्यावून चाल बेटा, शेंड्यावून. मुळाची ओढाताण नाही करा लागत."

आमच्या पिंपळगाव राजात तिला सगळेच खाला म्हणत. लेकरंही आणि तिच्याहून मोठ्या म्हाताऱ्याही. जातीची मणियारीण. डोक्यावर टोपली, टोपलीत बांगड्या, आकडे, रिबिनी, रंगीत प्लॅस्टिकच्या फण्या. माझ्या सासूबाईंचं आणि तिचं भांडण म्हणजे गल्लीची करमणूक.

"खाला, ह्या बांगड्या दोन दिस बी टिकत नाहीत."

"मंग सोन्याच्या घाला ना माय. म्या नाही म्हनलं काय?"

टोपलीतल्या फण्या विकायच्या, पण तिची स्वतःची फणी कमरेच्या बटव्यात असायची. काळ्या शिंगाची, एका बाजूला विरळ दात, दुसऱ्या बाजूला बारीक. कोणी मागितली की म्हणायची, "हे इकाची नाही. हे मायं सहावं बोट हाये."

परवा सासूबाईंची पत्र्याची पेटी उघडली. त्यांना जाऊन वर्ष झालं, हात लावायला जीव धजत नव्हता. आत एक पितळी कानकोरणं निघालं, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी निघाली, पारा उडालेला आरसा निघाला, आणि तीच फणी. कशात गुंडाळली होती ते सांगते, पण आधी त्या फणीनं काय केलं ते सांगू द्या.

बीटी बियाण्याच्या पहिल्या वर्षांत कापूस असा फुटला की वेचायला बाया मिळेनात. मग बोंडातून गुलाबी अळी निघू लागली, आणि गावातले तरणे गडी सुरतेकडे निघाले. माझा दीरही गेला. मागे राहिली माझी धाकटी जाऊ आणि तिची लेक. जाऊ दिवसभर दुसऱ्याच्या वावरात वेचणी करायची, घरी आली की चूल. डोक्याचं फडकं सोडायलाही तिला फुरसत नव्हती. घाम, धूळ, कापसाचे तंतू, सगळं केसांत. एक दिवस फडकं सोडलं, तर मानेमागे केसांचा एकच घट्ट गोळा.

सासूबाईंनी तो पाहिला आणि हात जोडले. "जट आली. देवी आली घरात."

जट म्हणजे देवीची खूण. कात्री लावली तर घरावर कोप. आणि जिला जट, तिनं परडी घ्यायची, मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागायचा, जन्मभर. सासूबाईंनी मंगळवार धरलासुद्धा. परडी आणली, परडीवर घालायला हिरवा खण आणला.

जाऊ मला नळावर गाठून म्हणाली, "बाई, मले नाही मागाचा जोगवा. मायी पोरगी शाळेत जाते. पोरं तिले काय म्हनतीन?"

मी काय बोलणार? सासूबाईंपुढे बोलायची आमची छाती नव्हती.

आणि सोमवारी खाला आली. सवयीनं जावेच्या पाठीमागे हात घातला, तर तोलायला वेणीच नाही. तिनं तो गोळा चाचपला, बोटांनी दाबून पाहिला. मग सासूबाईंकडे वळली.

"माय, याले कापाचं नाही, बरोबर?"

"कात्रीचं नाव बी काढू नको!"

"मंग म्या कुठी कात्री आनली? इचरू तं देसान? तुमच्या देवळात देवीची रोज वेणीफणी करतेत म्हने. तवा ते रागावत नाही, मंग आत्ताच काऊन रागावीन?"

सासूबाईंनी उगाच परडी इकडची तिकडे केली. शेवटी म्हणाल्या, "एक बी केस तुटला तं पाहून घे!"

"तुमीच बसा ना पाहाऱ्यावर."

तसा तो मंगळवार टळला. फेरी आटोपली की खाला यायची आणि ओट्यावर बसून जावेला पुढ्यात घ्यायची. सरकीचं कोमट तेल, दाभणाचं बोथट टोक आणि फणी. शेंड्याकडून एकेक केस सोडवायची. सासूबाई समोर पहाऱ्याला. आधी नुसत्या तोंड फुगवून बसायच्या. मग "तेल थंड झालं वाटते" म्हणून स्वतः उठून गरम करून आणू लागल्या. आणि एका दुपारी पाहते तर काय, "तू तिकून धर, म्या इकून धरतो" असं दोघींचं चाललेलं.

मध्येच फणीचा एक दात कडकन तुटला. खालानं फणी न्याहाळली, मग आपलं बोळकं दाखवत हसली, "जाऊ द्या. मायेच कुठी राह्यले?"

शेवटी गोळा सुटला. अगदी आत, मुळाशी, बोंडाचं एक वाळकं टरफल निघालं. त्याच्याभोवती सगळे केस गुंतलेले. सासूबाईंनी ते तळहातावर घेतलं. बोटानं उलटंसुलटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग हे काय देवी नोहती?"

मला वाटलं, आता खाला टोमणा मारणार. पण ती जावेच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "होती म्हनूनच तं सुटलं, माय."

पुढच्या उन्हाळ्यात खाला गेली. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तिची सून आमच्या दारात आली आणि सासूबाईंच्या हातात फणी ठेवली. "अम्मीनं सांगून ठेवलं होतं. हे पाहारेवालीले द्याची." सासूबाई फणी घेऊन आत गेल्या. त्यानंतर ती आम्हाला दिसली ती परवाच.

परडीसाठी आणलेला तो हिरवा खण होता ना, त्याच्यात गुंडाळलेली होती. फणीला दोन्ही बाजूंनी हळदकुंकू वाहिलेलं. आणि जिथला दात तुटला होता, त्या फटीत जरा जास्तच.