आधीच मानलेले आभार

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू पुन्हा चर्चला जायला लागलीस, म्हणजे आता तू बरी झालीस ना?" मी "हो" म्हणाले. फोनवर एवढंच सांगता येतं. पण ते उत्तर अर्धवट होतं, आणि शाळेत असताना अर्धवट उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून बसून लिहिते आहे.

तुमचे आजोबा यकृताच्या दुखण्यानं आजारी होते. दवाखान्यातून केडगावच्या घरी आले, थोडं जेवू लागले, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीनं, कर्जतच्या आक्कांनी, जाहीर केलं की आता उपकारस्तुती घालायची. नव्या घराची उपकारस्तुती तुम्ही इथं असताना पाहिली आहे. पाळकसाहेब येतात, गाणी होतात, देवाचे आभार मानतात आणि मग सगळी मंडळी जेवतात. पण ती काम झाल्यावर करायची असते.

मी म्हणाले, "आक्का, अजून रिपोर्ट यायचे आहेत."

"रिपोर्ट काय करायचेत? तुजा विश्वास हाय का न्हाई?"

ख्रिस्ती घरात या प्रश्नावर तोंड बंद करावं लागतं. नाही कोण म्हणणार? दारात मांडव पडला, खुर्च्या आल्या, पुलाव शिजला. आजोबांना शाल पांघरून सगळ्यांसमोर बसवलं. पाळकसाहेबांनी त्यांना पूर्ण बरं केल्याबद्दल देवाचे आभार मानले. जेवणं चालू असताना ते मला हळूच म्हणाले, "माझ्यापेक्षा पुलावाची तब्येत चांगली दिसतेय."

पुढच्याच महिन्यात ते गेले. त्याच मांडववाल्यानं त्याच खुर्च्या आणून दिल्या. ज्यांनी पुलाव खाताना "चमत्कार झाला" म्हटलं होतं, तेच आता "देवाची इच्छा" म्हणू लागले. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "प्रभू चांगली फुलं आधी खुडतो हो." सत्तरी उलटलेलं फूल? मी हात सोडवून आत गेले. घरात पाहुणे होते आणि चहाला दूध कमी पडत होतं.

त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. मला वसतिगृहात लहानपणी शिकवलं होतं की प्रार्थनेला क्रम असतो. आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग आभार, आणि सर्वांत शेवटी मागणं. मी आयुष्यभर त्याच क्रमानं चालले. आता आभारापाशी आले की पुढे जाता येईना. आभार तर आम्ही आधीच मानून बसलो होतो, जेवणासकट! ते परत कसे घ्यायचे, हे कुणी शिकवलं नव्हतं.

चर्चला जाणं सोडलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. मग महिला मंडळ दर बुधवारी माझ्याच घरी येऊ लागलं. माझ्या सोफ्यावर बसून, माझीच बिस्किटं खाऊन, त्या डोळे मिटून देवाला माझी माहिती पुरवत. "प्रभू, या आमच्या बहिणीचं मन कठीण झालं आहे, ते मऊ कर." मी चटकन "आमेन" म्हणायची, म्हणजे सभा आटोपेल. त्यांचा हेतू चांगला होता हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानं चिडचिड कमी होत नव्हती. तुमच्या आईनं डॉक्टरांची गाठ घालून दिली, त्यांच्या गोळ्यांनी झोप लागू लागली. पण उठल्यावर सगळं होतं तिथंच असे. राग कुणावर आहे हेही मला धड सांगता येत नव्हतं.

अशात एक दिवस आक्का न कळवता आल्या. बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. अंत्यविधीनंतर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांनी आल्याआल्या माझे मसाल्याचे डबे हलवले, मोठमोठ्यानं भजनं म्हणत अंगण झाडलं, आणि दुपारी मेथी निवडायला बसल्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आक्का, त्या दिवशी आभार मानायची एवढी घाई कशाला केलीत?"

"विश्वासानं मानायचं असतं बाई..."

"विश्वास मला सांगू नका. खरं काय ते सांगा."

त्यांचे हात थांबले. "खरं सांगू? विश्वास कुठला आलाय. भ्या वाटत हुतं मला. म्हनलं, चार लोकांत आदीच आभार मानलं, जेवान घातलं, की त्याला मागं सरता यायचं न्हाई. सुपारी फुटल्यावर कोन लगीन मोडतं का?"

"म्हणजे तुम्ही देवाची सुपारी फोडलीत?"

"फोडली. आन् त्यानं मोडलं."

मला हसू फुटलं. किती दिवसांनी, कोण जाणे. आक्काही हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, मेथी मांडीवर तशीच, आणि सुरू झाल्या. स्तुती नाही, कबुली नाही. "देवा, चार लोकांत आमाला तोंडावर पाडलंस. माजा धाकटा भाऊ न्हेलास. ही मास्तरीण तुज्याशी बोलंना झालीय, माज्याशी बी न्हाई. आता काय करायचं, तूच सांग."

एवढं बोलून त्या थांबल्या. आपल्या प्रार्थनेत एक थांबला की शेजारच्यानं पुढे घ्यायचं असतं. मी मेथीची एक काडी उचलली. त्यांनी कोपरानं ढोसलं. "घे की, तुजी पाळी."

मी म्हणाले, "मला तुझे आभार मानायचे नाहीत."

मग पुढचं आपोआप आलं. त्यांना शाल पांघरून सगळ्यांसमोर का बसू दिलंस? त्यांना ठाऊक होतं आपण बरे झालेलो नाही. त्यांनी लाजेनं मान खाली घातली होती, आणि मी शेजारी उभी राहून लोकांना पुलाव वाढत होते. हे माझ्या मनात होतं, हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. मी रडले, खूप रडले. आक्का वाट बघून म्हणाल्या, "आता आमेन म्हन, मेथी सुकाया लागली."

प्रकाश वगैरे काही दिसला नाही, मुलांनो. आवाजही आला नाही. पण कुणीतरी सगळं ऐकून घेतलं आणि मधे बोललं नाही, असं वाटलं. बुधवारच्या सभेत असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी प्रार्थनेला बसते. तक्रारीनं सुरुवात करते. कधी तक्रारीतच वेळ संपतो. कधी ती संपल्यावर थोडी जागा उरते, मग तुमची नावं घेते, आजोबांची एखादी गोष्ट आठवते आणि हसू येतं. यालाच बरं होणं म्हणत असतील तर मी होते आहे. पण महिला मंडळाला तेवढ्यानं भागत नाही. "साक्ष द्या ना, प्रार्थनेनं कसं बरं केलं ते सांगा," म्हणून त्या मागे लागल्यात. पुन्हा तीच घाई. मी सांगितलं, मी चर्चला येऊन बसते आहे, तेवढं बघा.

आणि तिथं बसल्यावरही एक ठिकाण अजून अवघड आहे. सगळी मंडळी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणते, आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ येते. तिथं माझा आवाज थांबतो. बाकीचे पुढे जातात. मी ती ओळ माझ्या वेगानं, मनातल्या मनात, कधी दात आवळून म्हणते, आणि मग घाईघाईनं मागून जाऊन आमेनपर्यंत त्यांना गाठते.