वेणी विकल्याचा आळ

घरातल्या धाकट्या जावेच्या संयमाची ख्याती कुणी ऐकली नव्हती. तिच्या पार्लरमध्ये एखाद्या बाईने पुन्हा पुन्हा "अजून थोडे कमी करा" म्हटलं, की ती कात्री खाली ठेवून सरळ सांगे, "आता मानच उरलीय." तरी बायका तिच्याकडेच येत, कारण हात हलका होता. अशा बाईवर तिच्या सख्ख्या जावेने केस चोरल्याचा आळ घ्यावा, म्हणजे कमालच झाली.

थोरली जाऊ न्यूमोनियाने आयसीयूत पडली, तेव्हा तिच्या कमरेपर्यंतच्या केसांचा पार गुंता झाला होता. "कापूनच टाकू या," नर्स म्हणाली. धाकटीने साफ नकार दिला आणि रोज भेटीच्या वेळात उशाशी उभं राहून, तेल लावून, एकेक बट बोटांनी सोडवली. कंबरेचे टाके ढिले झाले, पार्लर बंद पडलं. आणि बक्षीस काय? घरी आल्यावर थोरलीने शांतपणे जाहीर केलं, "हिने मला बांधून घातलं आणि माझे केस गिऱ्हाइकांना विकले."

"वहिनी, वेणी तुमच्या पाठीवर आहे! हात लावून बघा!"

थोरलीने हात लावला. "ही दुसऱ्याच कुणाची तरी आणून लावलीस."

आता बोला!

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की जबर आजार, गुंगीची औषधं आणि कधीच न विझणारे दिवे यांनी माणसाला भ्रम होतो, मग हळूहळू ओसरतो. बाकीचा ओसरला. भिंतीवरून चालणारे उंट गेले, पलंगाखालचं पाणी आटलं. वेणी मात्र जाईना. "तुला भास झाला, काही म्हणजे काही झालं नाही," हे वाक्य मोठे दीर, म्हणजे थोरलीचा नवरा, तिला गोळीसारखं जेवणाआधी आणि जेवणानंतर द्यायचे. थोरली ऐकून घ्यायची आणि धाकटीने केलेला चहा तोंड न लावता बाजूला सारायची. लग्न होऊन आल्यापासून दोघी एका ओट्याशी राबलेल्या, आणि आता ही बाई मुलीकडे कायमची राहायला जाते म्हणत होती. एके दिवशी तिने बॅगच भरायला घेतली.

ते पाहून धाकटीचं डोकं फिरलं. तिने बॅग खसकन जमिनीवर ओढली. "हो, विकले! तुमचे केस मीच विकले! चुकलं माझं, पाय धरते, पण घर सोडून जाऊ नका!"

थोरलीने हातातली साडी पलंगावर आपटली. मग उसळली, "खोटं बोलतेस! तू कशाला विकशील? माझा एक केस तुटला तर माझ्यावरच खेकसतेस तू!"

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "मग इतके दिवस माझा जीव का खाल्लात?"

"पण मला बांधलं होतं." थोरलीचा आवाज बारीक झाला. "अगं, मनगटं दुखत होती माझी. आणि सगळे म्हणतात, काही झालंच नाही."

धाकटीने बॅग सोडून दिली. हात बांधले होते, हे खरंच होतं. थोरली श्वासाची नळी ओढून काढायला बघत होती, म्हणून नर्सने मऊ पट्ट्यांनी तिची मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली होती. हे तिला सांगायचं नाही, उगाच जिवाला लागेल, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मोठं शहाणपण केलं!

"बांधले होते, वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही नळी उपसत होतात. नर्सने बांधले. मी तिथेच उभी होते."

थोरली कितीतरी वेळ आपली मनगटं चोळत राहिली.

"केसांचं खोटं, हे माझ्या हाताला कळायचं गं," ती शेवटी म्हणाली. "पण बांधल्याचंही तुम्ही खोटंच म्हणायचात. मग मला वाटलं, मला वेडच लागलंय. म्हणून निघाले होते. तुमच्या घरात वेडी कशाला?"

धाकटीला जन्मात कुणाचा आला नव्हता इतका स्वतःचा राग आला.