दोन मुळांचा सुळा

चाळीस वर्षं होत आली, पण एका दुपारी ठाण्यात ऐकलेलं वाक्य अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

"फौजदारसाहेब, मी काल एका मेलेल्या मुलीचा दात काढला."

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी दर्यापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. बोलणारे गृहस्थ अमरावतीच्या राजापेठेतले दातांचे डॉक्टर. कलकत्त्याला शिकून आलेले, शांत स्वभावाचे. त्यांनी पिशवीतून दोन लहान बाटल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींत स्पिरिटमध्ये बुडालेला एकेक दात होता.

"हे दुधाचे दात आहेत," ते म्हणाले. "दुधाचा दात आपोआप पडतो तेव्हा मूळ आतल्या आत विरघळलेलं असतं. म्हणून लोकांना वाटतं, त्याला मूळच नसतं. असतं. सुळ्याला एक असतं. आता हे पाहा."

मी बाटली उजेडात धरली. त्या सुळ्याला दोन मुळं होती, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. दुसऱ्या बाटलीतला दातही तसाच. फक्त एक उजवा, दुसरा डावा.

वरचा उजवा सुळा त्यांनी आदल्या वैशाखात काढला होता. मुलगी सहा वर्षांची, माझ्याच हद्दीतल्या एका माळ्याची. भाजीपाला आणि फुलं लावणारं कुटुंब. डावा सुळाही किडायला लागला होता, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. पण श्रावणात पूर्णेला पूर आला आणि मुलगी त्यात गेल्याचं त्यांच्या कानावर आलं. आता वर्ष होत आलं होतं. आदल्या दिवशी अकोल्याची एक विधवा बाई आपल्या मुलीला घेऊन आली. गाल सुजलेला, डाव्या सुळ्यात पू. उजव्या सुळ्याची जागा रिकामी. "तो पडला," बाई म्हणाली. डॉक्टरांनी डावा उपटला, तर दोन मुळं.

"अशा दातांच्या दोन मुली असू शकत नाहीत का?" मी विचारलं.

"असू शकतात. पण मी चिमटा उचलला तेव्हा ती पोर म्हणाली, 'मांगच्यावानी गोड पानी देसान ना?' दात काढल्यावर मी मुलांना साखरपाणी देतो. आणि बाई तर सांगत होती, आम्ही तुमच्याकडे पहिल्यांदाच आलो."

मी मर्गाचे, म्हणजे अपघाती मृत्यूच्या चौकशीचे, कागद काढले. पंचनाम्यावरचं अक्षर माझंच होतं. चार दिवस पाण्यात राहिलेलं प्रेत बाभळीत अडकलेलं मिळालं होतं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. त्या पुरात दुसरी मुलगी हरवल्याची वर्दी कुठल्याच ठाण्यात नव्हती. बापानं ओळख पटवली, पंचांनी सह्या केल्या, प्रेत तिथंच नदीकाठी पुरलं. तोंड उघडून दात पाहावेत, हे कोणालाच सुचलं नव्हतं.

मी आधी माळ्याकडे गेलो. तो वांग्याला पाणी देत होता. "मीच ओळखलं न जी तिले," एवढंच म्हणाला. त्याची बायको ओट्यावर फुलं निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "म्या तवाच सांगतलं होतं, हे माही पोरगी नाही. तुमीच म्हनलं, बाई, घरी जा."

मला आठवलं. ती खरंच तसं म्हणाली होती. दुःखानं बोलते आहे असं समजून मी ते लिहून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जमादाराला घेऊन अकोल्याला गेलो. बाईची पूर्णेकाठच्या गावी काळी कसदार जमीन होती, पण वर्षभरापासून ती शहरातच घर घेऊन राहत होती. मुलगी दाराशी बसली होती. नाव विचारलं तर तिनं चटकन बाईनं ठेवलेलं नाव सांगितलं.

"याच्या आधी कुठं राहत होतीस?"

तिनं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते सांगाचं नसते. ते मेल्या पोरीचं हाय."

"कोण मेली?"

"पान्यात गेली ते. मी नाही गेली."

माझा जमादार पंचवीस वर्षं नोकरी केलेला गडी. तो एक पाऊल मागं सरकला. 

बाईची जबानी घेतली. खोटं बोलणारा माणूस कुठंतरी अडखळतो. ही अडखळली नाही. सुईण कोण होती, बारसं कुठं झालं, गोवर कधी आला, सगळं बिनचूक सांगितलं. मी ते तपासलं, तेही खरं निघालं. तिला त्या वयाची मुलगी होतीच.

"घर, वावर सोडून इथं काहून आल्या, बाई?"

"तिथं लोकं लय टक लावून पाह्यते तिच्याकडं," ती म्हणाली.

मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन आम्ही नदीकाठची ती जागा उकरली. भर दुपार होती, वारा पडलेला. डॉक्टर बरोबर होते. माळ्यानं तिथं झेंडू लावला होता आणि वर्षभर पाणी घालून जगवला होता. झाडं त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला काढून ठेवली. कवटी वर आली. डॉक्टरांनी ती ओल्या फडक्यानं पुसली. वरचे दोन्ही सुळे जागेवर होते. त्यांनी उजवा बोटानं हलवून काढला आणि तळहातावर ठेवला. एकच मूळ, सरळ.

"ही ती नव्हे," ते म्हणाले.

माळी काढून ठेवलेल्या झेंडूपाशी जाऊन बसला. त्यानं विचारलं, "मंग हे कोन हाय?"

डॉक्टरांना घेऊन मी पुन्हा अकोल्याला गेलो. धाकदपटशा केला नाही. बाईसमोर बसून एवढंच सांगितलं, "नदीकाठी एक मुलगी पुरलेली आहे. तिचा एकही दात कोणी काढलेला नाही."

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाली, "तिच्या वरच्या दोन दातांत फट हाय का?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"माह्या पोरीले कोनी पुरलं?"

"एका माळ्यानं. वर फुलं लावली."

मग ती सगळं बोलली. पुराच्या त्याच दिवशी नदीच्या उतारावर तिची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, उलटली होती. ती आणि गाडीवान वाचले, लेक वाहून गेली. दोन दिवस ती काठानं हाका मारत फिरली. एका मेंढपाळाच्या पालावर तिला त्यानं पुरातून ओढून काढलेली, तापानं फणफणलेली, ग्लानीत पडलेली एक मुलगी दिसली. तिनं आपल्या लेकीचं नाव घेतलं. मुलीनं डोळे उघडले. "तिनं ओ देल्ली साहेब," बाई म्हणाली, "मंग म्या पुढं पाह्यलंच नाही."

गुन्हा दाखल झाला, तो करणं भागच होतं. कोर्टात माळ्याची बायको साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, "तिनं माह्या लेकीले उपाशी नाही ठेवलं." बाईला कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. त्यानंतर ती नदीकाठी गेली. माळीण पाण्याचा गडवा घेऊन तिच्या मागोमाग गेली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

मुलगी माळ्याच्या घरी आली तेव्हा आईला बिलगली नाही. कोपऱ्यात उभी राहिली. आईनंही तिला ओढलं नाही, फुलं निवडत राहिली. हळूहळू पोर जवळ सरकली आणि सुकलेली फुलं वेगळी काढू लागली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. हातांना ते आठवत होतं.

तपासाचं श्रेय माझ्या नावावर जमा झालं. ते डॉक्टरांचं होतं. माझ्या वाट्याचं होतं ते वेगळंच. त्या प्रेताजवळ आम्ही सगळे सुटका शोधत होतो. बापाला शोध थांबवायचा होता, मला कागद मिटवायचा होता, आणि पलीकडच्या काठावर एका आईला आपली लेक मेली हे मानायचं नव्हतं. तेव्हा कोणीही जाणूनबुजून खोटं बोललं नाही. खरं बोलणारी एकच होती आणि तिला मी घरी जायला सांगितलं. त्या वर्षी मी मर्गाच्या कागदाला माळणीची पुरवणी जबानी जोडली. तिच्या अंगठ्याच्या ठशाच्या वर एकच ओळ आहे: ही माझी मुलगी नाही. तारीख मात्र दहा महिने उशिराची आहे, आणि ती मी बदलू शकत नव्हतो.