हवालदार काठाकाठानं

सायकल भिंतीला टेकवली, स्टँड लावला, कुलूप घातलं, तरी ज्ञानू हवालदार तिच्या मागच्या चाकाखाली दगड लावत. अंगण सपाट असलं तरीही. फौजेत त्यांनी उभी हयात पहाडी रस्त्यांवर ट्रक चालवला होता आणि उभ्या गाडीवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं ज्ञान तिथून बरोबर आणलं होतं. आम्ही साताऱ्यात गोडोलीला शेजारी राहत होतो. मी एकदा विचारलं, "हवालदार, ही सायकल कुठं पळून जाणार आहे?" ते म्हणाले, "मास्तर, गाडी आन् पाव्हणा, उभा हाय म्हणून बेफिकीर ऱ्हायचं न्हाई." मी कॉलेजात शिकवत होतो, पण प्राध्यापक हा शब्द त्यांना माझ्या मानाने लांब वाटे.

रोज सकाळी सायकलीची परेड होई. चाकं अंगठ्याने दाबून "हवा!", साखळीवर दोन थेंब टाकून "तेल!" आणि मग तांब्या तोंडाला लावून "पाणी!" सायकलीला पाणी कशाला, असं नव्या भाडेकरूने विचारलं की हवालदार शांतपणे सांगत, "पानी डायवरला."

निवृत्त झाल्यापासून ते एंजिन असलेल्या कशातही बसले नव्हते. एसटी नाही, जीप नाही, रिक्षासुद्धा नाही. एकदा ताप भरला तेव्हा डॉक्टरांकडे सायकल हातात धरून चालत गेले. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, रिक्षा बोलावली होती. ती मागून रिकामी गेली. या निग्रहामागे काही तत्त्वज्ञान असेल म्हणून मी बराच काळ आदराने वाट पाहिली. शेवटी त्यांनी ते सांगितलं. "गाडीत बसायचा सरकार मला पगार देत हुतं. आता फुकट कशाला बसू?"

दर वर्षी माघात ते वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या काठाने सायकलवर जात. साताऱ्याहून नदी गाठायची तर माहुली जवळ; पण नाही, आधी उलटं वाईला जायचं, घाटावर चाक भिजवायचं आणि मग दक्षिणेला तोंड करायचं. "नदी मधनंच धरायची म्हंजे पंगतीत निम्मं जेवान झाल्यावर बसल्यावानी हाय." नव्वदच्या आसपास एका वर्षी मी त्यांच्याबरोबर निघालो आणि मग नेमाने जात राहिलो. नियम दोनच होते. वेण्णा आणि कोयना आडव्या येतात तिथल्या पुलांपुरतं डांबर माफ, एरवी गाडीवाट नाहीतर पाणंद. आणि नदी कायम डाव्या हाताला हवी. हा दुसरा नियम मला फार भावला. देवाला उजवी घालतात, नदीला डावी का, यावर मी मनातल्या मनात एक निबंधही रचला.

वाट म्हणजे उसाच्या फडांमधली चाकोरी. ऊसतोड चालू असे. बैलगाड्या मोळ्या भरून कारखान्याकडे जात आणि आम्ही बाजूच्या सरीत उतरून त्यांना वाट देत असू. घाई करायची नाही. "घाई डिझेलवाल्यांनी करायची. त्यास्नी त्येल जाळायचं असतं." गुऱ्हाळ दिसलं की थांबायचं, काकवी खायची, आणि गुऱ्हाळवाला आपला कोण लागतो हे शोधून काढायचं. ते निघेच. वाई ते सांगली हवालदारांचा कोणी ना कोणी मेव्हणा, साडू किंवा पलटणीतला माणूस निघाला नाही असं एकही गाव मला आठवत नाही. रात्रीचं अंथरूण त्यातूनच मिळे. भुईंजजवळ एका शेतकऱ्याने विचारलं, "कुठं निघालाय?" मी म्हटलं, "सांगलीला." तो कळवळला. "यष्टी चुकली व्हय?" हवालदार म्हणाले, "यष्टी बरुबर हाय गड्या, आमीच चुकलोय."

दुसऱ्या फेरीनंतर मी साताऱ्यात नदीकाठच्या संस्कृतीवर व्याख्यान दिलं. शाल आणि नारळ मिळाला. पहिल्या रांगेत बसलेल्या हवालदारांना मी नंतर अभिप्राय विचारला. "ब्येस झालं. पर मास्तर, नदी लय लांबवली तुमी. येवढी न्हाई ती."

औदुंबरच्या थोडं अलीकडे एक मुक्काम ठरलेला असे. तिथे आमच्या काठावर एक करंज होता आणि समोरच्या काठावर एका गावाचा घाट. करंजाखाली आलं की हवालदार तोंड धूत, पिशवीतली धुवट टोपी घालत, मिशा विंचरत आणि सायकलीची घंटी वाजवत राहत. थोड्या वेळाने समोरच्या घाटावर धुणी धुणाऱ्या बायकांत एक उंच बाई येऊन उभी राही. ती त्यांची लेक शालन.

"दादाऽ, ज्येवलासा काऽ?"

"व्हयऽ! तूऽ?"

"म्हस व्यालीऽ!"

"रेडी का रेडाऽ?"

वारा आडवा आला की घाटावरच्या बायका निरोप पुढे पोचवत. "रेडी म्हनतीयाऽ!"

"ब्येस झालंऽ! सासूचा गुडगा कसा हाय इचाराऽ!"

यावर दुसऱ्याच बाईचा आवाज येई. "दुकतोयाऽ!" ती सासू स्वतः असे. घरातली एवढी खाजगी बोलणी एवढ्या मोठ्याने चाललेली मी दुसरीकडे ऐकलेली नाहीत. गाव धुणं थांबवून ऐके, आणि हवालदारांना त्यात काही वावगं वाटत नसे.

तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "पाणी कमरेएवढंच आहे. उतार आहे, नाव आहे. पलीकडे का जात नाही?" त्यांनी टोपीची घडी नीट केली आणि सांगितलं.

शालनचे सासरे आबासाहेब बागायतदार. लग्नात व्याहीभेटीसाठी त्यांनी हवालदारांना आणायला झेंडूच्या माळा लावलेली मोटार पाठवली. दोन्ही व्याह्यांनी शिवेवर गळाभेट घ्यायची, एकमेकांना फेटे बांधायचे आणि मग मुलीच्या बापाचा त्या घरात पायरव सुरू व्हायचा, अशी रीत. हवालदार मोटारीत बसले नाहीत. मोटार बँडच्या तालावर पुढे आणि मुलीचा बाप मागून सायकलवर, असं ते शिवेवर पोचले. आबासाहेबांना वाटलं, चारचौघांत आपली शोभा केली. ते भेट न घेता मांडवात निघून गेले. लग्न लागलं, पण व्याहीभेट राहिली ती राहिलीच. शालन सणाला माहेरी येई, भाऊ जाऊन तिला आणी. बापाने मात्र तिचं घर पाहिलेलं नव्हतं.

"मानापमान सगळा," मी म्हटलं. "दोघांनीही सोडून द्यावा."

"माझा कसला मान, मास्तर? भेट झाल्याबिगर मी तिच्या उंबऱ्यात गेलो तर जल्मभर तिला ऐकून घ्यावं लागंल, तुजा बाप चोरावानी आला म्हणून. मी इथनं घंटी वाजवतो, ती हिकडं बगती. तिची चूल कुठल्या अंगाला हाय ते बी मला ठावं न्हाई."

नदी डाव्या हाताला का लागते, ते मला तेव्हा कळलं. या काठाने आलं तरच शालन समोर येत होती. मी माझा निबंध रद्द केला.

त्यानंतरच्या माघात आम्ही करंजाखाली पोचलो तेव्हा शालन आधीच घाटावर उभी होती.

"दादाऽ, नवं घर बांदलंऽ! उद्या वास्तुशांत हायऽ!"

"ब्येसऽ!"

"तुमी आल्याबिगर मी आत पाय ठेवनार न्हाईऽ!"

ती हे सांगत असतानाच तिच्या मागे जीप येऊन थांबली आणि आबासाहेब उतरले. कडक इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा. सून उद्या उंबऱ्याबाहेर बसून राहिली तर पाहुण्यांसमोर काय होईल, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. माणूस ठेंगणा होता, पण आवाज चेअरमनचा.

"पाव्हणंऽ! नाव धाडतोऽ, बसून याऽ!"

"बसून न्हाई यायचोऽ!"

"आवं, नावंला कुठं इंजान हायऽ?"

"एकडाव बसायची सवं लागली की मानूस कशात बी बसतोयऽ! तुमीच या हिकडंऽ!"

"मुलाचा बाप आदी येत नसतोयऽ!"

बायकांच्या हातातली धुणी थांबली. हवालदार वाकून बुटाची नाडी घट्ट करू लागले. म्हणजे निघायच्या तयारीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उद्या शालन उंबऱ्याबाहेर बसणार आणि हे सांगलीला चाक भिजवत असणार, एवढं स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात शालनचाच आवाज आला, पण या वेळी सासऱ्यांना उद्देशून, तरी आमच्या काठाला ऐकू येईल असा. "मामंजी, व्याहीभेट कुठं हुती?"

"शिवंवर. का?"

"मग ह्या अंगाला आपली शीव कुठं हाय?"

उत्तर घाटावरच्या एका म्हाताऱ्या बाईने दिलं. "पान्याच्या मदी हाय की!"

हवालदारांनी घट्ट केलेली नाडी सोडली. बूट माझ्या हातात दिले, सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यात उतरले. "सायकल ठेवा की इथं," मी म्हटलं. "गाडी सोडून डायवर जात नसतोय." समोरून नाव निघाली. आबासाहेब तिच्यात उभे होते, एक हात फेट्यावर. मधोमध दोघे समोरासमोर आले. एक जण नावेत कोरडा, दुसरा कमरेइतक्या पाण्यात, खांद्यावर सायकल.

"भेटा," आबासाहेब वाकत म्हणाले.

"असं वाकून भेटत न्हाईत पाव्हणं. उतरा."

आबासाहेबांनी धोतराकडे पाहिलं. मग घाटाकडे पाहिलं. घाटावर आता निम्मं गाव जमलं होतं आणि त्यात त्यांची पत्नी होती. दुखरा गुडघा सांभाळत ती ओरडली, "उतरा की! किती वर्सं वराडायचं आमी?"

ते उतरले. पाणी हवालदारांच्या कमरेला होतं, ते आबासाहेबांच्या छातीला लागलं. गळाभेट सुरू झाली, पण सायकलमुळे जमेना; आबासाहेबांच्या मिठीत निम्मे हवालदार आणि निम्मं पुढचं चाक येत होतं. "आवं, ही तर खाली ठेवा!" "कुठं ठिवू? पान्यात?" शेवटी आबासाहेबांनीच पुढचं चाक आपल्या खांद्यावर घेतलं आणि एका हाताने गळाभेट उरकली. फेटे बांधायचे ते जागीच बदलले. हवालदारांची टोपी आबासाहेबांच्या डोक्यावर आणि गुलाबी फेटा हवालदारांच्या. मग दोघे एक सायकल खांद्यावर घेऊन घाटाकडे चालू लागले. माझी सायकल आणि मी मागे राहिलो होतो, म्हणून नाव माझ्यासाठी आली. घाटावर बँडच काय तो नव्हता. बाकी त्या दिवशी वाहनातून थाटात उतरलेला पाहुणा मी एकटाच.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. शालन पुढे आणि हवालदार तिच्या मागे, असे दोघे आत गेले. हवालदार बैठकीत बसले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले, चुलीपाशी पाट ओढला आणि तिथेच बसले. बाहेर पंगत उठली तरी ते आतच होते. शालन भाकरी थापत होती आणि दोघेही अगदी हळू बोलत होते. काय बोलत होते, ते घाटावरच्या कोणाला कळलं नाही. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार.

पुढच्या माघात आम्ही पुन्हा निघालो, पण त्या घाटाशी आल्यावर हवालदार म्हणाले, "तुमी फुडं व्हा, मास्तर. माझं सांगलीत काय न्हाई." मी एकटा सांगलीपर्यंत गेलो. त्यानंतर असंच ठरून गेलं.

आता हवालदार नाहीत. मी अजून कधीमधी त्या वाटेने जातो. गुऱ्हाळावरची जुनी माणसं काकवी देतात आणि विचारतात, "तुमचं म्हातारं कुठाय?" मी सांगतो, "लेकीकडं राहिलेत." ती मान डोलावतात. एवढ्यावर कोणी पुढे काही विचारत नाही.